मामींचा कोरा चहा

उंब्रजला बदली झाली तेव्हा खोली बघताना मी चार अटी ठरवून गेले होते: पाणी दोन्ही वेळा, बँक चालत जाण्याच्या अंतरावर, विजेचं मीटर वेगळं आणि घरमालकीण कमी बोलणारी. पहिल्या तीन पुऱ्या झाल्या.

मालकीणबाईंना सगळी आळी मामी म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. पहिल्या दिवशी माझं सामान वर चढवून झालं आणि त्यांनी हाक मारून खाली बोलावलं. हातात कप दिला. कपात कोरा चहा होता. मागच्या परड्यात म्हैस रवंथ करत बसली होती, कट्ट्यावर दुधाची किटली धुऊन पालथी घातली होती. म्हणजे दुधाचा तुटवडा नव्हता. मी मूळची सांगलीची. आमच्याकडे काय आणि इकडे काय, दुभतं जनावर असलेल्या घरात पाहुण्यापुढे कोरा चहा येतो तो एकाच कारणानं. घरात कुणीतरी गेलेलं असतं, आणि सुतक फिटेपर्यंत चहाला दूध लागत नाही. मी कप तोंडाला न लावता आवाज खाली आणून विचारलं, "मामी, कधी झालं?"

"काय कधी झालं?"

"म्हणजे, घरात कुणी..."

मामींनी माझ्याकडे नीट बघून घेतलं. "कुणी मेलं न्हाई. सगळी धडधाकट हायती. मेल्यावरच कोरा प्यायचा, आसा कायदा हाय का कुटं? प्या. गार झाला की त्याची मजा जाती."

मी प्यायले. कडू औषधासारखं काहीतरी येईल अशी मनाची तयारी होती. आलं ते वेगळंच. तांबूस, स्वच्छ, घशाला जरा धरणारं आणि गिळल्यावर मागे गोडसर राहणारं. मी म्हटलं, चांगला आहे.

"चांगला न्हाई, लय चांगला हाय," मामी म्हणाल्या आणि स्वतःच्या कपाकडे वळल्या.

त्यांचा एक नियम मला त्याच दिवशी कळला. पहिले दोन-तीन घोट होईपर्यंत मामी कुणाशी बोलत नसत. दारात कुणीही उभं असो, डेअरीचा माणूस, गुरांचे डॉक्टर, पोस्टमन, त्या डावा हात वर करायच्या आणि उजव्या हातानं पीत राहायच्या. पोस्टमनला सवय झाली होती. तो पायरीवर बसून घ्यायचा.

चहा करायची त्यांची रीत बाकी सगळ्या आळीच्या उलट होती. आपण पाणी, साखर, पत्ती, दूध एकत्र घालतो आणि उतू जाईपर्यंत उकळतो. मामी नुसतं पाणी उकळायच्या, गॅस बंद करायच्या, मग पत्ती टाकून वर ताट झाकायच्या आणि परड्यात म्हशीला वैरण टाकायला जायच्या. वैरण टाकून परत आल्या की चहा झालेला असायचा. मी एकदा घड्याळ लावून बघू म्हटलं, तर म्हणाल्या, "घड्याळाला काय कळतंय? म्हस बरोबर सांगती." पावसाळ्यात वैरण आत आणून ठेवलेली असली की खेप लहान व्हायची आणि चहा फिका उतरायचा. तेवढी चूक त्या मान्य करायच्या.

पत्ती आसामातून यायची. मामींचे यजमान फौजेत हवालदार होते. तिकडे त्यांना फॅमिली क्वार्टर मिळाली होती आणि शेजारी तिथलीच एक बाई राहायची. मामी तिला दीदी म्हणायच्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, म्हणून दोघी दुपारी एकत्र बसून चहा प्यायच्या, आणि तिथेच मामींना कोऱ्याची गोडी लागली. दीदीकडून अजून वर्षातून दोनदा कापडात शिवलेलं पार्सल यायचं. ते आलं की फोन लागायचा. "हॅलो दीदी, पत्ती मिला. वास एकदम बराबर. पिछले टाइमला जरा ओला था, हां." पलीकडून काय उत्तर यायचं ते ऐकू येत नसे, पण मामी बराच वेळ हसत असायच्या.

मला याद्या करायची सवय आहे. मामींच्या चहाचीही मी करून बघितली, पण त्या रोज काहीतरी नवं करायच्या. पहाटेचा चहा चिमूटभर मिठाचा, तो यजमानांच्या पांढऱ्या इनॅमलच्या मगात, धार काढायच्या आधी. न्याहारीचा साखर घालून, सोबत शिळी भाकरी तव्यावर पापडासारखी कडक करून. दुपारचा लिंबाचा, आणि तो काचेच्या पेल्यातच पाहिजे, कारण लिंबू पिळलं की चहाचा रंग झरकन उतरतो, ते त्यांना बघायचं असायचं. "लाजला बगा," असं त्या दर वेळी म्हणायच्या. उन्हाळ्यात आदल्या दिवशीचा चहा माठाच्या बुडाशी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायच्या आणि त्यात कैरीची फोड टाकायच्या. खोकला झाला की सुंठ आणि मिरी.

सगळ्यात थाटाचा चहा थंडीतला. शेतावर गुऱ्हाळ लागलं की त्या तांब्यात काकवी घेऊन यायच्या. पेल्याच्या तळाशी ती दाट काकवी, वरून अलगद चहा, आणि चमचा लावायचा नाही. पहिला घोट कडवट, मधले हळूहळू निवळत जाणारे आणि शेवटचा असा गोड की पेला उलटा धरून थेंबाची वाट बघावी. मी आजही थंडीत तो करून बघते. जमत नाही, कारण मला ढवळल्याशिवाय राहवत नाही.

हा चहा मामी कुणापासून लपवून प्यायच्या नाहीत. तरीही सगळ्या आळीचा एक गैरसमज होता, आणि त्याच्या मुळाशी शेजारच्या आक्का होत्या. आक्का म्हणजे मामींची थोरली जाऊ. मनानं चांगली बाई, पण एखादी गोष्ट तिला पटली की ती तिथून हलत नसे.

झालं होतं असं. यजमान फौजेतून निवृत्त होऊन आले आणि थोड्याच दिवसांत छातीत कळ येऊन गेले. सुतकात सगळ्या घरानं रिवाजाप्रमाणे कोरा चहा घेतला. तेराव्यानंतर सगळी दुधाच्या चहाला लागली, मामी लागल्या नाहीत. आक्कांनी ते पाहिलं आणि गावभर सांगितलं, "आमच्या धाकटीनं धनी गेल्यापासनं दुधाच्या चहाला बोट लावलं न्हाई. व्रत धरलंय."

त्यामुळे संकष्टीला दोन-चार बायका तरी मामींच्या पाया पडून जायच्या. मामी पाय आखडून घ्यायच्या. "अगं बायांनो, मला आवडतो म्हणून पिती मी," असं सांगायच्या. बायका मान हलवायच्या आणि पुन्हा वाकायच्या.

त्याच आळीत कुणाचं मयत झालं की कोरा चहा करायला हटकून मामींना बोलावणं यायचं, कारण मोठ्या पातेल्यात तो त्यांच्याइतका कुणाला साधत नसे. इथे त्यांचं आणि आक्कांचं वाजायचं. मामी आलं ठेचून घालायच्या, पत्ती बेतानं सोडायच्या, आणि बसायला आलेले लोक रिकामा कप हातात धरून चुळबुळत राहायचे. दुसरा मागायची लाज वाटायची आणि उठवतही नसे.

"आगं, मयताच्या घरचा च्या आसा करत्यात व्हय?" आक्का दबक्या आवाजात म्हणायच्या. "माणसं उठंनात."

"रडून रडून घसा वाळतोय माणसांचा," मामी म्हणायच्या. "त्यास्नी बरा चहा मिळू नये का?" आणि स्वतः उठून ज्याच्या घरचं माणूस गेलं असेल त्याच्या हातात दुसरा कप देऊन यायच्या, न विचारता. मी बऱ्याच मयतांना गेले आहे. तिथे लोक काय बोलतात ते लक्षात राहत नाही. मामींनी दिलेला तो दुसरा कप घेताना एका म्हाताऱ्यानं कसं वर पाहिलं होतं, ते लक्षात आहे.

मी उंब्रजला होते त्याच काळात मामींच्या मुलाचं लग्न जुळत आलं. मुलगा बापासारखाच फौजेत, तेव्हा राजस्थानात होता. मागच्या रजेत कुंडलची मुलगी बघून गेला होता, दोघं फोनवर बोलायची, आणि आईला तो रोज विचारायचा की त्यांच्याकडून निरोप आला का. निरोप आला. मुलीकडची माणसं रविवारी घर बघायला येणार होती. पण निरोपासोबत मध्यस्थानं आणखी एक गोष्ट कळवली. मुलीच्या वडिलांच्या मनात आधी दुसरं स्थळ होतं, बागायती जास्त असलेलं. आक्कांनी मध्यस्थाला मामींच्या व्रताचं सांगितलं, त्यानं ते कुंडलला पोचवलं, आणि वडील विरघळले. अशा घरात मुलगी द्यायची, म्हणाले.

त्या संध्याकाळी मामी वर माझ्या खोलीत आल्या. हातात कप नव्हता, त्यावरूनच काहीतरी बिनसलंय हे कळलं.

"मॅडम, आता काय करायचं?"

मी व्यवहाराचं सांगितलं. "काही करायचं नाही. लग्न लागेपर्यंत गप्प राहायचं. मग हळूहळू सांगा."

"हळूहळू कसं सांगत्यात? पैल्यांदी निम्मं?"

"मामी, पोराचं मन बसलंय तिच्यावर."

"ते मला ठावं हाय." त्या माझ्या खाटेवर टेकल्या. "खरं सांगू का? आक्का म्हणती ते निम्मं खरं हाय. सुट्टीत हितं आलो की घरात एकच चहा व्हायचा, दुधाचा. थोरली जाऊ म्होरं असताना मी येगळं पातेलं ठिवणार हुते व्हय? गपगुमान प्यायची. पेन्शनीत आल्यावरबी त्येच. ते गेलं, मग मला कुणी इचारणारं उरलं न्हाई. तवापासनं मी माझ्या मनाचं प्याया लागली. आता ह्याला व्रत कसं म्हणू? आन् सून आल्यावर तिच्या देखत मी रोज चार येळा त्याग करायचा? लिंबू पिळून?"

मला हसू आलं, त्यांना आलं नाही. तेवढ्यात त्यांचा फोन वाजू लागला. मुलाचा असणार. त्यांनी जिन्यात जाऊन तो घेतला. "आई, तू फकस्त गप बस," तो एवढ्या मोठ्यानं बोलत होता की मलाही ऐकू आलं. मामी म्हणाल्या, "बसती रं बाबा, बसती."

रविवारची आखणी मी केली. पोहे आणि लाडू मामींच्या घरात, पाहुण्यांचा दुधाचा चहा आक्कांच्या घरून करून आणायचा, मामींनी गॅसजवळ जायचं नाही. त्या दिवशी मामींनी पहाटेचा चहासुद्धा घेतला नाही. नको वाटतोय, म्हणाल्या.

पाहुणे आले. मुलीचे वडील, चुलते, दोन बायका आणि काठी टेकत एक आजी, वडिलांची आई. त्यांच्या घरात शेवटचा शब्द तिचा चालतो, असं मध्यस्थानं आधीच सांगून ठेवलं होतं. पोहे झाले. घर बघून झालं, म्हैस बघून झाली. मग मुलीच्या वडिलांनी मामींना हात जोडले.

"ताई, तुमचं ऐकलं तवाच मी ठरवलं. ज्या घरात बाई एवढं पाळती, तितं माझी लेक सुखात राहील."

आक्कांनी पदर सारखा केला. मामी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिल्या. मी डोळ्यांनीच त्यांना सांगितलं, चांगलं चाललंय, असंच राहू द्या.

तेवढ्यात आजी पहिल्यांदा बोलली. "मी धन्याच्या मागं काशीला आंबा सोडला. समोर नातवंडं कोयी चोखत्यात, मी बघत बसती. सोपं नसतं बाई. तुमी दुधाचा चहा सोडला न्हवं?"

"व्हय," मामी म्हणाल्या.

"धनी गेल्यावर?"

"व्हय, त्यांच्या मागंच."

इथपर्यंत सगळं खरं होतं आणि इथे थांबता आलं असतं. मी मुद्दाम ताटल्यांचा आवाज करत आवरायला घेतलं. पण मामी उठून आजीसमोर जमिनीवर जाऊन बसल्या.

"त्यांच्या मागं सोडला, पर त्यांच्यासाठी न्हाई सोडला, आजी. मला दुधाचा चहा कवाच आवडला न्हाई. ते हुते तवर सगळ्यांबरूबर पीत हुते. आता मला आवडतो त्यो पिती. लय आवडीनं पिती."

आक्का पटकन पुढे सरकल्या. मग आक्का म्हणाल्या, "आवं, सकाळपासनं पोटात काय न्हाई हिच्या, कायबी बोलती."

मुलीच्या वडिलांनी लाडवाची ताटली खाली ठेवली. "म्हंजी मध्यस्थ खोटं बोलला म्हणायचा," ते चुलत्यांना म्हणाले आणि खिशात गाडीची चावी चाचपू लागले.

मामींनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या आजीशीच बोलत होत्या. "सोडायचं ते जिवापाड आवडतं ते सोडायचं, व्हय का न्हाई? तुमी आंबा सोडला. मी काय सोडलं? मला नकोच हुतं ते. तुमाला आन् मला एका पाटावर बसवाया लागली ही माणसं, ते मला सोसंना. लेक द्या न्हायतर नका देऊ. पोरगा माझा चार दिस बोलायचा न्हाई माझ्याशी. पर तुमच्या आंब्याच्या शेजारी माझा चहा ठिवू नका."

आजीनं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. बराच वेळ ती मामींचं तोंड न्याहाळत होती.

मामींनी हळूच विचारलं, "कुठला आंबा हुता, आजी?"

"आं?"

"कुठला आवडायचा?"

"रायवळ," आजी म्हणाली. "आमच्या बांधावर हुता. गोटीएवढा ल्हान. कापायचा न्हाई त्यो. दाबून मऊ करायचा, देठाकडनं चोखायचा. रस हितवर यायचा," तिनं मनगट ओलांडून कोपर दाखवलं. "सासू वरडायची. धनी म्हणायचं, वरडू दे, आजून दोन हायत शेल्यात." तिनं हात पदराला पुसला. मग म्हणाली, "सोडला तवापासनं कुणी इचारलं न्हवतं. समदी म्हणत्यात, आजीनं आंबा सोडला. कसा लागायचा त्ये कुणी इचारत न्हाई."

मुलीचे वडील चावी हातात धरून उभे होते. "आये, मग निघायचं का?"

"बस खाली," आजी म्हणाली. "जी बाई फुकटचं पुण्य घेत न्हाई, ती माझ्या नातीच्या वाटचं काय घील?" मग ती मामींकडे वळली. "तर इहीनबाई, माझ्यापुरता दुधाचा करा. त्यो काळा मला नको. आन् चांगला उकळा."

विहीणबाई. खोलीतल्या प्रत्येकानं तो शब्द ऐकला. चुलत्यांनी पुन्हा लाडू उचलला. मामी स्वयंपाकघरात गेल्या आणि माझी आखणी मोडून त्यांनी स्वतः दुधाचा चहा केला. तो बेताचाच झाला होता. आजीनं तो बशीत ओतून, तोंड जरासं वाकडं करत, पण सगळा संपवला.

पाहुणे निघाले तेव्हा आक्का त्यांना गाडीपर्यंत पोचवायला गेल्या. मी नारळाची पिशवी घेऊन मागे होते, त्यामुळे सगळं ऐकलं. आजीला गाडीत बसवल्यावर आक्कांनी मुलीच्या वडिलांना बाजूला घेतलं. "बघितलासा न्हवं? एवढं मोठं व्रत, पर तोंडानं कबूल करंना. उलट सोताकडं कमीपणा घेतला. असली बाई कुटं मिळायची?" मुलीच्या वडिलांनी मिनिटभर विचार केला. मग घराकडे वळून, दोन्ही हात कपाळापर्यंत नेऊन त्यांनी नमस्कार केला.

मी परत येऊन मामींना शब्दन् शब्द सांगितला. मला वाटलं, त्या तशाच हायवेपर्यंत गाडीमागे धावतील.

"आजींनीबी हात जोडलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही. त्या गाडीत बसून हसत होत्या."

"मग झालं तर. जिला कळायचं तिला कळलं."

त्यांनी मुलाला फोन लावला, "ठरलं रं," एवढंच म्हणाल्या आणि त्याचं पुढचं ऐकायच्या आत बंद केला. मग पाणी ठेवलं, पत्ती टाकली, वैरण टाकून आल्या, आणि इनॅमलचा मग भरून घेऊन थेट पुढच्या दाराच्या पायरीवर जाऊन बसल्या. सगळ्या आळीला दिसेल अशा. "व्रत करणारी बाई अशी पिती का, बघू द्या एकदा सगळ्यास्नी," म्हणाल्या आणि डोळे मिटून, ओठ चाटत, लांबलचक फुर्रर्र आवाज करत पिऊ लागल्या.

समोरून आक्का शेजारणीबरोबर परत येत होत्या. फाटकाशी त्या थबकल्या. "दिवसभर काय घेतलं न्हवतं तिनं," त्या शेजारणीला हळू आवाजात म्हणाल्या. "आता सोडतीया उपास."

मामींनी एक डोळा उघडला. "आक्का, या की. घोटभर घ्या."

"नको बाई," आक्का म्हणाल्या. "मला न्हाई झेपायचं ते."

मामींनी डोळा मिटला आणि पुढचा घोट आणखी मोठ्यानं घेतला.